इन-स्टेट फी: बारा महिने नेमके कुठून मोजायचे?

प्रश्न असा आहे: नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको आणि दोन मुलं त्याच्या कुटुंबीयांसाठीच्या एच-४वर. बरीच वर्षं न्यू जर्सीत काढून कुटुंब गेल्या डिसेंबरात टेक्ससमध्ये, फ्रिस्कोला आलं. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि येत्या ऑगस्टमध्ये टेक्ससच्याच सरकारी विद्यापीठात जाणार आहे. तिला इन-स्टेट फी, म्हणजे राज्याच्या रहिवाशांसाठीची कमी फी, लागेल का? धाकटा आठवीत आहे, त्याच्यासाठी आत्ताच काही करून ठेवायला हवं का? आणि जाता जाता: पुण्यातल्या भाच्याचा जन्म कॅलिफोर्नियातला, पासपोर्ट अमेरिकन, मग त्याला कॅलिफोर्नियात इन-स्टेट मिळायला अडचण कसली?

आधी उत्तरं. मुलीला, शिष्यवृत्तीची एक वाट सोडली तर, पहिल्या सेमिस्टरला मिळणार नाही. दुसऱ्यापासून मिळू शकेल, पण एकविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास ते पुन्हा अडचणीत येऊ शकतं. धाकट्याचं काम त्या मानाने सोपं आहे. भाच्याला, आईवडील पुण्यात असेपर्यंत, मिळणार नाही.

महाराष्ट्रात डोमिसाइल म्हणजे एक कागद. पंधरा वर्षं राज्यात राहिल्याचे पुरावे जोडायचे, अर्ज द्यायचा, दाखला आला की प्लास्टिकच्या फोल्डरात घालून ठेवायचा. अमेरिकेत असा दाखला कुणी देत नाही. तिथे डोमिसाइल म्हणजे दोन गोष्टींची जोडी: तुम्ही प्रत्यक्ष त्या राज्यात राहता आणि तिथेच राहायचा तुमचा इरादा आहे. इरादा कुणाला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून विद्यापीठ तो कागदांवरून ताडतं. हे ताडण्याचं काम प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने करतं. नॉर्थ कॅरोलायनात ते राज्यभरासाठी एकाच केंद्रीय सेवेकडे आहे, बहुतेक ठिकाणी ज्या त्या विद्यापीठाकडे. त्यामुळे 'आमच्या ओळखीच्यांना न्यू जर्सीत मिळालं' हा टेक्ससमध्ये पुरावा ठरत नाही.

सगळ्यात आधी व्हिसा पाहिला जातो, कारण ज्याला कायद्याने तिथे कायम राहण्याचा इरादाच ठेवता येत नाही त्याचं डोमिसाइल होणार कसं? एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची व्याख्याच सांगते की विद्यार्थ्याचं घर परदेशात आहे आणि ते सोडण्याचा त्याचा विचार नाही. म्हणून एफ-१वर एमएसला आलेला मुलगा पाच वर्षं डॅलसमध्ये राहिला, गाडी घेतली, कर भरला, तरी तेवढ्यावर डोमिसाइल होत नाही. एच-१बीचं तसं नाही. १९९०च्या इमिग्रेशन कायद्याने एच-१बी आणि एल (कंपनीतल्या बदलीच्या) व्हिसाधारकांना तात्पुरत्या व्हिसावर असतानाच ग्रीन कार्डाची इच्छा बाळगण्याची मोकळीक दिली. त्याआधी १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने 'टोल विरुद्ध मोरेनो' या खटल्यात मेरीलँडच्या विद्यापीठाचा नियम रद्द केला होता. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या, म्हणजे जी-४ व्हिसावरच्या मुलांना ते विद्यापीठ सरसकट बाहेरचे ठरवत होतं. आज टेक्सस आणि कॅलिफोर्निया ही दोन्ही राज्यं एच-१बी आणि एच-४ला डोमिसाइल करू देतात. तेव्हा व्हिसाच्या बाजूने तुमची वाट मोकळी आहे. अडचण तारखेची आहे.

टेक्ससच्या कायद्यानुसार आश्रित मुलासाठी पालकाचं डोमिसाइल त्या सेमिस्टरच्या सेन्सस डेटच्या किमान एक वर्ष आधी झालेलं असावं लागतं आणि ते वर्षभर अखंड टिकलेलं असावं लागतं. फॉल (ऑगस्टपासूनच्या) आणि स्प्रिंग (जानेवारीपासूनच्या) सेमिस्टरमध्ये ही सेन्सस डेट म्हणजे वर्ग भरण्याचा बारावा दिवस. वर्ग ऑगस्टअखेरीस सुरू होतात, त्यामुळे फॉलची तारीख सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येते. तिथून मागे मोजलं तर तुमचे नऊच महिने भरतात. लोक हमखास चुकतात ते इथेच. कुणी प्रवेश-अर्जाच्या तारखेपासून मोजतं, कुणी शाळा सुरू झाल्यापासून, कुणी घराच्या करारापासून. मोजायचं ते सेन्सस डेटपासून, उलट्या दिशेने. स्प्रिंगची सेन्सस डेट जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला पडते. डिसेंबरातलं स्थलांतर कागदावर नीट दिसत असेल तर तेव्हा तुमचं वर्ष पुरं झालेलं असतं.

न्यू जर्सीकडे परत वळून उपयोग नाही. तिथे बारा महिने राहिलेल्याला रहिवासी मानायची पद्धत आहे, पण सगळं कुटुंब निघून आल्यावर तो धागा तुटला. तेलही गेलं, तूपही गेलं, असं हे मधलं वर्ष असतं. जे अजून निघाले नाहीत त्यांच्यासाठी एक सूचना: मूल शेवटच्या वर्षाला असेल आणि त्याला जुन्या राज्यातच शिकायचं असेल, तर एक पालक आणि मूल तिथेच राहिले तर बहुतेक राज्यांत त्या पालकाच्या आधाराने दर्जा टिकतो. दोन घरभाड्यांचा वर्षाचा खर्च कधीकधी एका वर्षाच्या फीच्या फरकाहून कमी भरतो. मोठ्या विद्यापीठांत आउट-ऑफ-स्टेट शिक्षणशुल्क इन-स्टेटच्या तिपटीच्या वर सहज जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठात तर २०२५-२६ साली नव्याने दाखल होणाऱ्या बाहेरच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर ३७,६०२ डॉलर वेगळे भरावे लागतात.

आता पहिल्या सेमिस्टरचं काय करायचं? एक सेमिस्टर आउट-ऑफ-स्टेट फी भरून स्प्रिंगला दर्जा बदलून घेणं हा सरळ मार्ग. प्रवेश स्प्रिंगपर्यंत पुढे ढकलणं कागदावर स्वस्त दिसतं, पण पहिल्या वर्षाच्या गुणवत्ता शिष्यवृत्त्या आणि अभियांत्रिकीच्या कित्येक जागा फॉललाच भरतात, त्यामुळे प्रवेश विभागाकडून लेखी घेतल्याशिवाय तो विचार करू नये. तिसरा पर्याय कम्युनिटी कॉलेज. फ्रिस्कोत कॉलिन कॉलेज आहेच. तिथेही तोच बारा महिन्यांचा कायदा लागू होतो, म्हणजे ती तिथेही बाहेरचीच ठरेल, पण तिथला बाहेरच्यांचा दरही विद्यापीठाच्या बाहेरच्या दरापेक्षा खूपच कमी असतो. विषय घेताना राज्याच्या सामायिक क्रमांकपद्धतीतला कोड असलेलेच घ्यायचे आणि ते राज्यभराच्या ४२ क्रेडिटच्या कोअरमध्ये बसतात का हे पाहायचं, म्हणजे पुढे ते सहज वळते होतात. इथली ठेच अशी की हायस्कूल संपल्यावर कॉलेजात क्रेडिट घेतली तर काही विद्यापीठं मुलीला नवागत न धरता बदलीची विद्यार्थिनी धरतात, आणि नवागतांच्या शिष्यवृत्त्या हातच्या जातात.

टेक्ससमध्ये आणखी एक कवाड आहे. एमएसला आलेल्या मराठी मुलांना ते पाठ असतं, इथल्या पालकांना मात्र बहुधा माहीत नसतं. विद्यापीठाची वर्षाला किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली तर बाहेरच्या विद्यार्थ्यालाही इन-स्टेट दर लावता येतो. एफ-१वाल्यांनाही हा मार्ग खुला असतो, कारण यात डोमिसाइलचा प्रश्न येत नाही. मात्र शिष्यवृत्ती विद्यापीठाच्या मान्य समितीने दिलेली हवी आणि तिच्यासाठी टेक्ससच्या मुलांशीही स्पर्धा झालेली हवी. महाराष्ट्र मंडळाने दिलेले हजार डॉलर यात धरत नाहीत. शिवाय अशा सवलतींवर एकूण विद्यार्थिसंख्येच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे विद्यापीठं हात राखून देतात. नामांकित ठिकाणी यावर विसंबू नये. मधल्या फळीतल्या विद्यापीठांत मात्र शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरणं हा सगळ्यात कमी कष्टाचा उपाय आहे.

स्प्रिंगला दर्जा बदलण्याची तयारी आजपासून करायची, आणि त्यातला मुख्य कागद नवऱ्याच्या नोकरीचा. टेक्ससमध्ये डोमिसाइल दाखवायला चार भक्कम आधार चालतात: बारा महिने सरासरी आठवड्याला किमान २० तास नोकरी, स्वतः राहत असलेलं मालकीचं घर, स्वतः चालवत असलेला धंदा, किंवा डोमिसाइल असलेल्या व्यक्तीशी वर्षभराचं लग्न. घरभाड्याचा करार, विजेची बिलं, मुलीचा हायस्कूलचा ट्रान्सक्रिप्ट हे सगळं जोडीला चालतं, पण नुसत्या भाडेकरारावर काम होत नाही. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नसल्यामुळे इतर राज्यांत जो कराचा कागद सगळ्यात आधी दाखवतात तो इथे हाताशीच नसतो, म्हणून नोकरीच्या कागदावर सगळा भार येतो.

आयटीतल्या कुटुंबांचं घोडं अडतं ते याच कागदावर. माणूस फ्रिस्कोला येतो, घरूनच काम करतो, आणि कंपनीचं पेरोल न्यू जर्सीच्याच पत्त्यावर चालू राहतं. वर्षअखेरीला डब्ल्यू-२ या पगार आणि कराच्या फॉर्मच्या तळाशी पंधराव्या चौकटीत राज्य म्हणून न्यू जर्सी छापून येतं. विद्यापीठाचा कारकून ती दोन अक्षरं बघून अर्ज बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याची चूक नाही. आजच पेरोलला पत्ता बदलायला सांगा. न्यू जर्सीला स्थलांतराच्या वर्षाचं, वर्षाच्या काही भागापुरत्या रहिवाशाचं (पार्ट-इयर) विवरणपत्र भरा आणि त्यात राज्य सोडल्याची तारीख लिहा. ती तारीख पुढे साक्षीदारासारखी उपयोगी पडते. चुकीचा डब्ल्यू-२ आलाच तर कंपनीकडून दुरुस्त प्रत घ्या.

त्याच्याही मागे एक मोठी गोष्ट आहे. एच-१बीचा कामाचा पत्ता दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेला तर कंपनीने सुधारित अर्ज भरायला हवा, हे २०१५च्या सिमियो प्रकरणातल्या निर्णयाने पक्कं झालं. तो भरलेला नसेल तर विद्यापीठाला 'आम्ही डिसेंबरपासून टेक्ससमध्ये काम करतो' असं लिहून देणं म्हणजे स्वतःच्या हाताने व्हिसाच्या नियमभंगाचा पुरावा देणं. फीचा अर्ज करण्याआधी कंपनीच्या वकिलाकडून सुधारित मंजुरीची प्रत मागवून घ्या. ती मिळाली की तोच तुमचा उत्तम पुरावाही होतो, कारण तिच्यात टेक्ससचा कामाचा पत्ता आणि तारीख दोन्ही असतात.

वेळेचंही एक गणित आहे. या वर्षाचा डब्ल्यू-२ कंपनीने ३१ जानेवारीपर्यंत द्यायचा असतो आणि स्प्रिंगची सेन्सस डेट साधारण तेव्हाच पडते. डब्ल्यू-२ची वाट पाहत बसलात तर तारीख निघून जाईल. म्हणून बारा महिन्यांच्या पगारपावत्या जमवत राहा आणि डिसेंबरअखेरीस कंपनीकडून लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात चार गोष्टी हव्यात: नोकरी पूर्णवेळ आहे, आठवड्याचे तास किती, टेक्ससमधून काम कोणत्या तारखेपासून, आणि कामाचा पत्ता. 'आमचे कर्मचारी आहेत, चांगले आहेत' अशा पत्राने काही साधत नाही. रेसिडेन्सीच्या प्रश्नांचा (कोअर रेसिडेन्सी क्वेश्चन्स) फॉर्म नव्याने भरून हे सगळं नोंदणी कार्यालयात स्प्रिंगचे वर्ग सुरू होण्याआधी द्या. सेन्सस डेटनंतर दर्जा बदलला तर तो सहसा पुढच्या सेमिस्टरपासून लागू होतो, आणि भरलेले पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नये.

किरकोळ वाटणाऱ्या, पण अर्ज पाडणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. टेक्ससमध्ये आल्यावर गाडीची नोंदणी ३० दिवसांत आणि लायसन्स ९० दिवसांत करायचं असतं. वर्षभर न्यू जर्सीची पाटी लावून फिरणारी गाडी म्हणजे परत जायचा विचार असल्याची खूण, असं धरलं जाऊ शकतं. एच-१बीवाल्यांचं लायसन्स व्हिसाच्या मुदतीपुरतं असतं, ते वारंवार नवं होतं आणि त्यावरची तारीख दर वेळी ताजी दिसते. जुन्या लायसन्सची फोटोप्रत ठेवा, नाहीतर तुम्ही मागच्याच महिन्यात आलात असं वाटतं. मुलगी करविवरणात आश्रित म्हणून दिसायला हवी. एच-४वरच्या मुलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, आयटीआयएन हा करापुरता क्रमांक असतो, आणि तो सलग तीन वर्षं विवरणात वापरला नाही तर बाद होतो. बऱ्याच घरांत तो असाच बाद झालेला असतो आणि ऐन वेळी लक्षात येतं.

मतदार नोंदणीबद्दल मात्र दोनदा वाचा. कित्येक विद्यापीठांच्या पुराव्यांच्या यादीत मतदार कार्ड असतं, आणि लायसन्सच्या खिडकीवरही 'मतदार म्हणून नोंदवायचं का' असं विचारतात. एच व्हिसावर असा वा ग्रीन कार्डावर, तिथे 'हो' म्हणायचं नाही. आपण नागरिक असल्याचा खोटा दावा केला असं ठरलं तर ग्रीन कार्डाचा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो. ती यादी नागरिकांसाठीही असते, तिच्यातला प्रत्येक कागद तुम्ही द्यायलाच हवा असं नाही.

उन्हाळ्यात भारतात जाऊन आल्याने वर्ष तुटत नाही. घर, नोकरी, सामान टेक्ससमध्येच असेल तर तो प्रवास ठरतो. कॅलिफोर्नियात जरा कडक आहे: तिथे ३६६ दिवसांच्या हिशोबात सहा आठवड्यांहून मोठ्या गैरहजेरीचा जाब विचारला जातो. दोन्हीकडे परतीचं तिकीट जपून ठेवा.

आता एकविसावं वर्ष. मुलगी एच-४वर आहे तोवर तिचा दर्जा तुमच्यावर उभा आहे. एकवीस पुरी झाली की एच-४ संपतो, आणि चार वर्षांच्या पदवीत हे बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतं. वाढदिवसाच्या आधी आय-५३९ हा दर्जा बदलण्याचा अर्ज भरून एफ-१ घ्यावा लागतो, आणि एफ-१वर डोमिसाइलचा आधार डळमळतो. टेक्ससमध्ये यातून सुटायचा चांगला मार्ग म्हणजे तोवर तिचा आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा शेवटच्या टप्प्याचा अर्ज, दाखल झालेला असणं. त्याची पावती हातात असेल तर राज्य डोमिसाइलचा हक्क मानतं. पण नोकरीवरून ग्रीन कार्ड मागणाऱ्या भारतीयांची, म्हणजे ईबी-२ आणि ईबी-३ची, रांग किती लांब आहे हे तुम्हाला सांगायला नको. त्यात १५ ऑगस्ट २०२५पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी मुलांचं गोठवलेलं वय (रांगेतल्या दिरंगाईचा फटका बसू नये म्हणून कायद्याने धरलेलं वय) सरकारच्या मासिक व्हिसा बुलेटिनच्या अंतिम कारवाईच्या तक्त्यावरून मोजतात, आधीच्या उदार तक्त्यावरून नाही. त्यामुळे कित्येकांचं गणित काही महिन्यांनी हुकतं. तिची जन्मतारीख, तुमची प्राधान्य तारीख (रांगेतली जागा ठरवणारी) आणि आय-१४० हा कंपनीचा ग्रीन कार्डासाठीचा अर्ज मंजूर व्हायला लागलेले दिवस वकिलाकडे देऊन हा हिशोब पहिल्याच वर्षी करून घ्या. एकवीस आधी येणार असेल तर उन्हाळी सेमिस्टर आणि हायस्कूलमधली एपी (कॉलेजच्या पातळीच्या विषयांची) क्रेडिट वापरून पदवी साडेतीन वर्षांत उरकणं हा तितकाच खरा उपाय आहे. एच-४ असो की एफ-१, इन-स्टेट फी मिळाली म्हणून केंद्र सरकारचं अर्थसाहाय्य मिळत नाही, हेही खर्चाचं अंदाजपत्रक मांडताना ध्यानात ठेवा.

धाकट्याचं तुलनेने सोपं. टेक्ससमध्ये दुसरा मार्ग असा आहे की मुलाने तिथल्या हायस्कूलमधून पदवी घ्यावी, त्याआधी सलग ३६ महिने राज्यात राहिलेलं असावं, आणि सेन्सस डेटच्या आधीचं वर्षही तिथेच काढलेलं असावं. तो आठवीत आहे, म्हणजे चारही वर्षं तिथेच काढली तर तो स्वतःच्या पायावर उभा राहील, वडिलांच्या नोकरीच्या कागदावर नाही. जून २०२५मध्ये संघीय न्यायालयाने या कायद्याचा लाभ कायदेशीर वास्तव्य नसलेल्यांना द्यायला मनाई केली. त्यामुळे आता विद्यापीठं कायदेशीर वास्तव्याचा पुरावा मागतात. धाकट्याचे आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद) आणि व्हिसा-मंजुरीचे आय-७९७, जुने धरून सगळे, एका फाइलीत ठेवा. नववी ते बारावीच्या मध्ये वर्षभरासाठी भारतात शाळेत पाठवायचा विचार मात्र डोक्यातून काढून टाका, ३६ महिने तुटतील.

भाच्याचा प्रश्न. जन्माने नागरिकत्व मिळतं, राज्याचा रहिवास मिळत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात चोवीस वर्षांखालच्या, अविवाहित पदवी विद्यार्थ्याचा दर्जा पालकांवरून ठरतो, किंवा मग तो खरोखर आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र असल्याचं सिद्ध करावं लागतं. पुण्याहून पैसे येत असतील तर ते सिद्ध होत नाही. आई बी-२ व्हिसावर येऊन सहा महिने त्याच्याजवळ राहिली तरी उपयोग नाही, कारण पर्यटकाच्या व्हिसावर डोमिसाइल होत नाही. मामाला फीपुरतं पालक करून घ्यायची कल्पना दर वर्षी कुणाला तरी सुचते, आणि ती टिकत नाही. अल्पवयीन मूल दोन वर्षं सलग कॅलिफोर्नियाच्या रहिवासी नातेवाइकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली राहिलं तर तिथला कायदा त्याला रहिवासी मानतो, पण त्यासाठी सोळाव्या वर्षीच पाठवायला हवं होतं. राज्यात तीन वर्षं शिकलेल्यांसाठी असलेली एबी ५४० ही सवलतही त्याला लागू होणार नाही, कारण तो तिथे तीन वर्षं शिकलेलाच नाही.

त्याने बाहेरचा म्हणूनच परवडेल अशी जागा शोधावी. नॉर्थ कॅरोलायनात वेस्टर्न कॅरोलायना, पेम्ब्रोक, एलिझाबेथ सिटी आणि फेएटव्हिल या चार सरकारी विद्यापीठांत बाहेरच्यांचं शिक्षणशुल्क सेमिस्टरला २,५०० डॉलर ठेवलेलं आहे. राहणं-जेवणं आणि इतर शुल्कं वेगळी, तरी कॅलिफोर्नियाच्या निम्म्याहून कमीत वर्ष निघतं. आणि तो नागरिक असल्यामुळे एफएएफएसए हा केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याचा फॉर्म भरू शकतो, ज्याची तुमच्या मुलीला सोय नाही. पेल ग्रँट (परत न करायची केंद्राची मदत) २०२५-२६ला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे, पहिल्या वर्षीचं थेट कर्ज आश्रित विद्यार्थ्याला ५,५०० डॉलरपर्यंत मिळतं. पुण्यातलं उत्पन्न डॉलरमध्ये बदलून दाखवावं लागतं, आणि पगार रुपयांत असला की कित्येकदा तो ग्रँटच्या मर्यादेत बसतो. आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी २०२४-२५च्या फॉर्मपासून त्यांना स्वतःचं खातं उघडता येतं. मात्र तिथे ओळख पटवायला वेळ लागतो, म्हणून फॉर्म १ ऑक्टोबरला उघडण्याची वाट न पाहता खातं ऑगस्टमध्येच उघडून ठेवायला सांगा.